दोन हॉटेलं, चार कालवे आणि एक खोली

ॲम्स्टरडॅमच्या जुन्या कालव्यांच्या भागात राहायचं ठरलं की आधी यादी लांबत जाते आणि शेवटी दोन नावं उरतात. फोटो दोन्हीकडे सारखेच देखणे: पाण्याकडे उघडणारी उंच खिडकी, जुन्या तुळया, पांढरीशुभ्र चादर. लोकांनी दिलेले गुणही जवळपास सारखेच. मग माणूस ज्याचं भाडं थोडं कमी ते घेऊन मोकळा होतो. या भागात हा निर्णय बऱ्याचदा फसतो, कारण इथलं हॉटेल म्हणजे एक इमारत नसते. सतराव्या-अठराव्या शतकातली एकमेकांना खेटून उभी असलेली घरं मागाहून आतून भिंती फोडून जोडलेली असतात आणि त्या रांगेला हॉटेलचं नाव दिलेलं असतं. एकाच हॉटेलात, एकाच दराच्या दोन खोल्यांत छताची उंची वेगळी, जिना वेगळा, उजेड वेगळा, रात्रीचा आवाज वेगळा. म्हणून इथे हॉटेलाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, खोली निवडावी लागते.

उदाहरणासाठी दोन हॉटेलं घेऊ. दोन्ही नावाजलेली, दोन्ही ‘नऊ गल्ल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या दुकानांच्या भागात, एकमेकांपासून चालत सात-आठ मिनिटांवर. पहिलं पुलित्झर: पंचवीस घरं जोडून केलेलं, सव्वादोनशे खोल्यांचं. वर्तमानपत्रांच्या दुनियेतले जोसेफ पुलित्झर यांच्या नातवाने, पीटर पुलित्झर यांनी पडायला आलेली घरं विकत घेऊन १९७०च्या सुमारास ते उभं केलं. दुसरं अँबासाद: दहा घरांचं, पन्नास-साठ खोल्यांचं, भिंतींवर कोब्रा या युरोपातल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाची चित्रं आणि इथे मुक्काम केलेल्या लेखकांनी सही करून दिलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय. पुलित्झरचं भाडं एरवी बरंच जास्त असतं.

आधी जमिनीचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. शहराच्या मध्यापासून बाहेर येताना क्रमाने चार कालवे लागतात: सिंगल, हेरेनग्राख्ट, कायझर्सग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्ट. सिंगल हा जुन्या शहराचा खंदक. बाकीचे तीन १६१३पासून आखून खणले. प्रिन्सेनग्राख्टच्या पलीकडे योर्दान, म्हणजे त्या काळी कारागिरांची आणि कष्टकऱ्यांची वस्ती. पैसेवाल्यांनी हेरेनग्राख्ट आणि कायझर्सग्राख्टवर घरं बांधली. प्रिन्सेनग्राख्टवर गोदामं, लहान घरं आणि मालाची ये-जा. हा सगळा भाग २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

चारशे वर्षांपूर्वीची ही उतरंड आजही खोलीतल्या माणसाला जाणवते. प्रिन्सेनग्राख्टवर आजही वर्दळ जास्त: हाउसबोटी, कॅफे, उन्हाळ्यात मित्रमंडळींनी भरलेल्या खासगी होड्या, ॲन फ्रँक हाउसकडे (नाझींपासून लपून राहताना ॲनने जिथे डायरी लिहिली त्या घराकडे) निघालेले लोक. हेरेनग्राख्ट त्या मानाने घरंदाज आणि शांत. कायझर्सग्राख्ट तिन्हींत रुंद, त्यामुळे समोरची घरं लांब आणि आकाश मोठं. पुलित्झर कायझर्सग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्ट यांच्यामधल्या चौकोनात आहे आणि दोन्ही कालव्यांवर त्याची तोंडं आहेत. अँबासाद शहराच्या मध्याकडच्या चौकोनात, हेरेनग्राख्ट आणि सिंगल यांच्यामध्ये, आणि त्याच्याही खोल्या दोन्हीकडे उघडतात. म्हणजे खोलीचा कालवा कोणता हे विचारल्याशिवाय ‘कॅनॉल व्ह्यू’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

दिशा बघा. या भागात कालवे साधारण उत्तर-दक्षिण जातात. पुलित्झरच्या प्रिन्सेनग्राख्टकडच्या आणि अँबासादच्या हेरेनग्राख्टकडच्या खिडक्या पश्चिमेला तोंड करून आहेत; पुलित्झरच्या कायझर्सग्राख्टकडच्या आणि अँबासादच्या सिंगलकडच्या पूर्वेला. जूनच्या मध्यावर इथे पहाटे साडेपाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री दहाच्या पुढे मावळतो. पश्चिमेची खोली त्या दिवसांत दुपारी तीनपासून रात्रीपर्यंत उन्हात असते. पाण्यावरून परतणारा उजेड छतावर हलतो, ते फार सुंदर दिसतं, पण खोली तापते. पूर्वेच्या खोलीत पहाटेच उजेड घुसतो. जाड पडदा नीट लागत नसेल तर मुंबईहून गेलेल्या माणसाची आधीच विस्कटलेली झोप आणखी विस्कटते. डिसेंबरात हिशेब उलटा: दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, त्यामुळे जे काय चार वाजेपर्यंतचं ऊन मिळेल ते पश्चिमेलाच घ्यावं.

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. कालव्यांच्या काठाने एल्मची झाडं आहेत. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला फांद्यांमधून पाणी, पूल, समोरची घरं सगळं दिसतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या मजल्यासमोर हिरवी भिंत उभी राहते. ती भिंत मला तरी आवडते, पण पाणी दिसावं म्हणून जास्तीचे पैसे मोजलेल्या माणसाला आधी कळायला हवं. आणि तळमजल्यासमोर बाराही महिने उभ्या केलेल्या मोटारी आणि कठड्याला बांधलेल्या सायकली असतात. तळमजल्याच्या ‘कॅनॉल व्ह्यू’ खोलीतून चाकं जास्त दिसतात, कालवा कमी.

आता घराच्या आत येऊ, कारण खरी निवड इथे ठरते. कालव्यावरच्या घराची जागा अरुंद आणि खोल असते. हेरेनग्राख्टवर रुंदीचं माप साधारण तीस ॲम्स्टरडॅम फूट, म्हणजे साडेआठ मीटर. प्रिन्सेनग्राख्टवर त्याहूनही कमी. रचना आपल्या वाड्यासारखी: पुढे दर्शनी घर, मधे उजेडासाठी छोटा चौक, मागे दुसरं घर आणि त्यामागे बाग. दर्शनी घरात अर्धं जमिनीखाली गेलेलं तळघर, त्याच्यावर पाच-सहा पायऱ्या चढून जायचा मानाचा मजला, मग वरचे मजले आणि शेवटी तुळयांचा माळा.

मानाच्या मजल्याचं छत सर्वांत उंच, चार मीटरच्या आसपास सुद्धा असतं, आणि खिडक्याही सर्वांत मोठ्या. जसजसं वर जावं तसतशी उंची घटत जाते. माळ्यावर छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं आणि खोलीच्या अर्ध्या भागातच सरळ उभं राहता येतं. हॉटेलच्या भाषेत तळघरातली आणि माळ्यावरची खोली ‘कोझी’, ‘ॲटिक’, ‘क्लासिक’ अशा नावांनी येते. नावावर जाऊ नका. मजला कोणता आणि खोली किती चौरस मीटर, हे विचारा. पंधरा चौरस मीटर म्हणजे डबल बेडभोवती चालायला जेमतेम वाट आणि मोठी सूटकेस उघडायला जागा नाही. दोन माणसं, दोन मोठ्या बॅगा आणि तीन रात्री असतील तर वीसच्या खाली जाऊ नये. माळ्याच्या खोलीचं क्षेत्रफळ उतरत्या छपराखालची जागा धरून सांगतात का, हेही विचारून घ्यावं.

जिने हा या घरांचा स्वभावच आहे. जागा अरुंद म्हणून जिने अरुंद आणि उभे. सामान त्यावरून नेणं अशक्य, म्हणून प्रत्येक घराच्या कपाळावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा असतो. कपाट, पलंग, पियानो आजही दोराने वर चढवून खिडकीतून आत घेतात. चढवताना सामान भिंतीला आपटू नये म्हणून, असं एक कारण सांगतात, दर्शनी भिंती मुद्दाम किंचित पुढे झुकवलेल्या असतात. या झुकण्याला किती मर्यादा असावी याचा नियम शहराने १५६५मध्येच केला होता. त्यामुळे रस्त्यावरून बघताना घर अंगावर येतंय असं वाटलं तर घाबरायचं कारण नाही. घरं एकमेकांकडे कडेने कललेली दिसतात त्याचं कारण मात्र जमिनीखाली आहे. सगळी वस्ती लाकडी खुंटांवर उभी आहे. सुमारे बारा मीटर खोल, दलदलीच्या थरातून पार वाळूच्या पहिल्या घट्ट थरापर्यंत ठोकलेल्या. खुंट पाण्याखाली राहिला तर शतकानुशतकं टिकतो. पाण्याची पातळी उतरून त्याला हवा लागली की कुजायला लागतो आणि घर त्या बाजूला बसतं. खोलीतली जमीन एका बाजूला उतरती असणं आणि दाराची चौकट तिरकी असणं हे त्याचंच दृश्य रूप.

प्रश्न जोडकामाचा आहे. प्रत्येक घर वेगळ्या मालकाने, वेगळ्या काळी बांधलं, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांचे मजले एका पातळीत नाहीत. भिंत फोडून बोळ काढला की मधे तीन पायऱ्या चढा, पुढे दोन उतरा असं होतं. लिफ्ट एका किंवा दोन घरांत बसवता येते. ती ज्या पातळीला थांबते तिथून पुढच्या घरातल्या खोलीपर्यंत पायऱ्या उरतातच. म्हणून ‘हॉटेलात लिफ्ट आहे का?’ हा प्रश्न कामाचा नाही. उत्तर हो येतं आणि आई-वडील गुडघे धरून सहा पायऱ्यांसमोर उभे राहतात. विचारायचं ते असं: रस्त्यापासून या खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, लिफ्ट वापरली तरी? यात बाहेरच्या दगडी पायऱ्याही मोजायला सांगा. शून्य पायऱ्यांची खोली हवी असेल तर व्हीलचेअरसाठीची खोली किंवा नव्याने बांधलेल्या भागातली खोली मागावी आणि ती आपल्या नावाने नक्की केल्याचं लेखी घ्यावं. ‘विनंती नोंदवली आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

न्हाणीघराबद्दलही असाच एक नेमका प्रश्न आहे. जुन्या घरात बाथरूम मागाहून बसवलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी शॉवर बाथटबच्या आत असतो. टबची कड गुडघ्याएवढी उंच, आत तळ निसरडा. साठीच्या पुढच्या माणसासाठी हा जिन्याइतकाच मोठा धोका आहे. ‘वॉक-इन शॉवर’ असलेली खोली नावानिशी मागावी.

आवाजाचं कोडं थोडं गुंतागुंतीचं. ही घरं संरक्षित वास्तू आहेत. दर्शनी भागातल्या खिडक्यांच्या चौकटी, काचेचे जुने भाग मनाला येईल तसे बदलता येत नाहीत. वर-खाली सरकणारी जुनी खिडकी एकेरी काचेची असेल तर रात्री साडेबाराला पुलावर हसणारी चार माणसं खोलीतच उभी आहेत असं वाटतं. उपाय म्हणून आतल्या बाजूने दुसरी काच बसवतात. ती असेल तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. पण ती लावली की खिडकी उघडणं मर्यादित होतं, आणि एसी नसेल तर उन्हाळ्यात कोंडमारा. एसीच्या बाहेरच्या पेट्या दर्शनी भागावर लावता येत नाहीत, त्यामुळे सगळ्या खोल्यांना एसी असेलच असं धरून चालू नये. ॲम्स्टरडॅमचा उन्हाळा एरवी सौम्य. पण तीस अंशांपलीकडे जाणारे काही दिवस आता धरून चालावेत, आणि छपराखालची पश्चिमेची खोली त्या दिवसांत राहण्यासारखी नसते. म्हणून तीन गोष्टी एकत्र विचारा: खिडकीला आतली दुसरी काच आहे का, खिडकी उघडते का, एसी त्या खोलीत आहे का. पहिलीचं उत्तर हो आणि शेवटचीचं नाही असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती खोली टाळावी.

पुलित्झरच्या बाबतीत घंटा हा वेगळा विषय. त्याच्यापासून तीनेकशे मीटरवर वेस्टरकेर्क हे १६३१मध्ये पूर्ण झालेलं चर्च आहे. रेम्ब्राँ याला १६६९मध्ये इथेच पुरलं. त्याचा सुमारे पंच्याऐंशी मीटर उंचीचा मनोरा दर पाव तासाला सूर लावतो. ॲन फ्रँकने डायरीत याच घड्याळाचा उल्लेख केला आहे. ज्यांना गावाकडच्या देवळाच्या घंटेची सवय आहे त्यांना तो सोबतीसारखा वाटतो, आणि ज्यांची झोप हलकी त्यांना प्रत्येक टोला मोजावासा वाटतो. अशांनी बागेकडची खोली घ्यावी. कायझर्सग्राख्ट आणि प्रिन्सेनग्राख्टच्या मधल्या चौकोनातल्या बागा हा या वस्तीचा सर्वांत दुर्मीळ भाग. सतराव्या शतकातच त्यांच्यात बांधकाम करण्यावर निर्बंध घातले गेले, म्हणून त्या उरल्या. रस्त्यावरून त्यांचा पत्ता लागत नाही. पुलित्झरची आतली बाग हे त्या हॉटेलात राहण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण आहे, आणि बागेकडच्या खोल्या बहुतेकदा कालव्याकडच्यांपेक्षा स्वस्त असतात. पाणी बघायला खाली उतरलं की झालं; झोप मात्र खोलीतच लागायला हवी.

नऊ गल्ल्यांच्या अगदी कोपऱ्यावरची खोली मात्र दोन्ही हॉटेलांत टाळावी. या गल्ल्या कालव्यांना आडव्या छेदतात, अरुंद आहेत, त्यामुळे सकाळी माल उतरवणाऱ्या गाडीचं दार आपटलं तरी आवाज दोन्ही भिंतींवर घुमत वर येतो.

पोहोचण्याचा हिशेबही दोन्हींचा वेगळा. स्किपोल विमानतळावरून मध्यवर्ती स्थानकापर्यंत रेल्वेने पंधरा-सतरा मिनिटं. तिथून पुलित्झरसाठी १३ किंवा १७ नंबरची ट्राम वेस्टरमार्क्टपर्यंत, पुढे पाच मिनिटं चालणं. अँबासादसाठी २ किंवा १२ नंबरची ट्राम कोनिंग्सप्लाइनपर्यंत, पुढे तेवढंच चालणं. दुसरी वाट जास्त सोयीची वाटते: विमानतळावरून थेट ३९७ नंबरची बस घ्यायची. ती म्युझियमप्लाइन (संग्रहालयांचा चौक), लाइड्सप्लाइन करत एलांड्सग्राख्टला येते आणि तिथून पुलित्झर दहा-बारा मिनिटांवर राहतं. सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. चढताना टेकवायचं आणि उतरतानाही न विसरता टेकवायचं, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. दोघांनी एकच कार्ड वापरता येत नाही, प्रत्येकाकडे वेगळं हवं. शहरात जुन्या काठांच्या भिंतींची आणि पुलांची दुरुस्ती वर्षानुवर्षं चालणार आहे. २०२०च्या सप्टेंबरात ग्रिम्बुर्गवाल इथला काठ अचानक कालव्यात कोसळला, तेव्हापासून या कामाला वेग आला. त्यामुळे ट्रामचे मार्ग वरचेवर बदलतात. निघण्याच्या आठवड्यात मार्ग एकदा तपासावा, आणि हॉटेलला सरळ विचारावं की खिडकीसमोर काठाचं काम चालू आहे का. लोखंडी पत्रे ठोकणारं यंत्र सकाळी सातला सुरू होतं, आणि ‘कॅनॉल व्ह्यू’मध्ये मग तराफा आणि क्रेन दिसतात.

मुंबईहून रात्री सुटणारं विमान सकाळी उतरतं आणि खोली तीन वाजता मिळते. रात्रभर जागलेले आई-वडील किंवा लहान मूल बरोबर असेल तर हे सात तास फार लांब. सामान ठेवून घेतात, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही. पुलित्झरसारख्या मोठ्या हॉटेलात लवकर रिकामी झालेली खोली मिळण्याची शक्यता जास्त, बसायला बाग आणि बैठकीच्या खोल्याही आहेत. लहान हॉटेलात ती शक्यता कमी. आदल्या रात्रीपासून खोली घेणं महाग पडतं; तरी वय सत्तरच्या पुढे असेल तर तो खर्च करावा असं माझं मत आहे. तसं केलंत तर ‘आम्ही पहाटे येतोय, खोली आदल्या दिवसापासून आमची आहे’ हे कळवून ठेवा, नाहीतर पाहुणा आलाच नाही म्हणून खोली दुसऱ्याला जाऊ शकते.

पैशांचं गणित आता बदललं आहे आणि जुन्या लेखांवर विसंबून चालणार नाही. मुक्कामावरचा व्हॅट १ जानेवारी २०२६पासून नऊ टक्क्यांवरून एकवीस टक्के झाला. शिवाय शहराचा पर्यटक कर २०२४पासून साडेबारा टक्के आहे आणि तो व्हॅट वगळून उरणाऱ्या भाड्यावर लागतो. म्हणजे मूळ भाडं ३०० युरो असेल तर व्हॅट ६३ आणि पर्यटक कर ३७.५०, एकूण ४००.५० युरो. संकेतस्थळावर दिसणाऱ्या आकड्यात व्हॅट धरलेला असतो, पर्यटक कर बऱ्याचदा नसतो. तो चेक-आउटच्या वेळी समोर येतो. दोन हॉटेलांची तुलना करताना शेवटच्या पानावरचा, सगळे कर धरलेला आकडा घ्यावा. नाश्ता धरलाय की नाही तेही तिथेच कळतं. शाकाहारी माणसाला या दर्जाच्या हॉटेलातला महागडा नाश्ता पूर्ण वसूल होतोच असं नाही. जवळच्या बेकरीत आणि सुपरमार्केटात पाव, चीज, दही, फळं सहज मिळतात. अनेक दुकानं रोख घेत नाहीत, फक्त कार्ड.

भाडी खाली येतील अशी आशाही धरू नये. नवीन हॉटेलांना शहराने जवळपास दार बंद केलं आहे. २०२४पासूनचा नियम असा की एखादं जुनं हॉटेल बंद झालं तरच नवं, आणि खाटांची संख्या वाढता कामा नये. मला हा नियम पटतो. कालव्यांच्या या भागात आजही लोक राहतात, मुलं शाळेत जातात, म्हातारी माणसं सकाळी पायऱ्या झाडतात. विटांच्या रस्त्यावर रात्री अकराला ओढलेल्या बॅगेच्या चाकांचा खडखडाट त्यांच्या उशाशी जातो. पाचशे पावलं असतील तर बॅग उचलून न्यावी किंवा टॅक्सी दारापर्यंत आणावी. टॅक्सी येते, साडेसात टनांपेक्षा जड पर्यटक बसना मात्र मध्यवर्ती भागात २०२४पासून बंदी आहे, त्यामुळे सहलीच्या कंपनीने ‘बस हॉटेलच्या दारात’ असं सांगितलं तर ते खरं नाही.

व्हिसाचा मुद्दा भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आधी येतो. शेंगेनच्या (युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाच्या) अर्जाला मुक्कामाचा पुरावा लागतो, आणि व्हिसा मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून पैसे परत न मिळणारं स्वस्त भाडं कितीही मोहात पाडलं तरी घेऊ नये. मोफत रद्द करता येणारं घ्यावं, रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतरची हवी, आणि नोंदणीवर सगळ्या प्रवाशांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. तीन माणसांची खोली या घरांत दुर्मीळ आहे. मूल बरोबर असेल तर जादा खाट त्या विशिष्ट खोलीत मावते का ते विचारावं. डबल बेड म्हणजे बहुधा शेजारी लावलेल्या दोन गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं, हेही माहीत असलेलं बरं.

तारखांवरूनही निवड पालटते. २७ एप्रिलच्या राजदिनाला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाच्या उत्सवाला, सगळे कालवे होड्यांनी भरतात आणि मध्यभागात ट्राम चालत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी प्राइडची, म्हणजे एलजीबीटी समुदायाच्या उत्सवाची, कालव्यातली मिरवणूक प्रिन्सेनग्राख्टवरून जाते, म्हणजे पुलित्झरच्या खिडकीखालून. त्याच महिन्यात पुलित्झरसमोर पाण्यावर तरंगत्या मंचावर शास्त्रीय संगीताची मोठी मैफल होते आणि ऐकायला शेकडो होड्या जमतात. हे हवं असेल तर पुलित्झरची प्रिन्सेनग्राख्टकडची खोली जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. नको असेल तर त्या दिवसांत हेरेनग्राख्टकडे वळावं. ॲन फ्रँक हाउसची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवडे पुढची खुली होतात आणि फक्त ऑनलाइन मिळतात. ती मिळाल्यावर मगच तारखा पक्क्या करणं शहाणपणाचं.

या घरांच्या भिंतींतला पैसा कुठून आला याचा एक धागा कोकणापर्यंत येतो. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात होती. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. हेरेनग्राख्टवरची अनेक घरं या कंपनीच्या आणि गुलामांच्या व्यापारातल्या भागधारकांनी बांधली. हेरेनग्राख्ट ५०२ हे आज महापौरांचं निवासस्थान; ते मुळात गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या माणसाचं होतं. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने त्या इतिहासाबद्दल माफी मागितली. या खोल्यांची किंमत दुसऱ्यांनीही चुकवली आहे, हे मनात ठेवून तिथे राहावं असं मला मनापासून वाटतं.

मग दोन्हींपैकी कोणतं? दोन-तीन रात्रींचा मुक्काम, दिवसभर बाहेर भटकणं, संग्रहालयं आणि पुस्तकं हा बेत असेल तर अँबासाद. स्पाउचा चौक चार-पाच मिनिटांवर, शुक्रवारी तिथे जुन्या पुस्तकांचा बाजार, म्युझियमप्लाइनला जाणारी ट्राम जवळ, आणि पाहुणे कमी म्हणून माणसांना चेहऱ्याने ओळखणारा स्वागतकक्ष. चार-सहा जणांचं कुटुंब, वेगवेगळ्या वयाची माणसं, दुपारी परत येऊन टेकायची सवय, शनिवारी नोर्डरमार्क्टचा भाजीपाल्याचा बाजार आणि योर्दानमधल्या गल्ल्या असा बेत असेल तर पुलित्झर. एका ठरावीक रकमेत मात्र माझं मत पक्कं आहे: तेवढ्याच पैशांत पुलित्झरची तळघरातली किंवा माळ्यावरची सर्वांत लहान खोली मिळत असेल आणि अँबासादची हेरेनग्राख्टकडची मधल्या मजल्यावरची मोठी खोली मिळत असेल, तर दुसरी घ्यावी. हॉटेलचं नाव पावतीवर राहतं. छताची उंची रोज सकाळी डोळ्यांसमोर असते.

नोंदणी झाल्यावर दोन्हीपैकी जे घेतलं त्याला त्याच दिवशी छोटी ईमेल पाठवावी. तिच्यात फक्त पाच गोष्टी: कोणत्या कालव्याकडची किंवा बागेकडची खोली, मजला, रस्त्यापासून दारापर्यंतच्या पायऱ्या, शॉवरचा प्रकार, आतली काच आणि एसी. उत्तरात खोलीचा क्रमांक आला तर ते उत्तर छापून बरोबर ठेवा. गोल उत्तर आलं तर आणखी एकदा विचारा, आणि तेव्हाही गोलच आलं तर रद्द करण्याची तारीख उलटण्याआधी दुसऱ्या हॉटेलला तीच ईमेल पाठवा.